फॉग सर्व्हर, दोन फॉरमॅट आणि न वाचलेली लॉग फाइल

लॅबमध्ये तीसेक मशीन, प्रत्येकात पेनड्राइव्ह घालून ओएस टाकायचा कंटाळा आला म्हणून म्हटलं एकदाचा फॉग सर्व्हर उभा करू. एक मशीन नीट तयार करायचं, त्याची इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची नक्कल, सर्व्हरवर घ्यायची आणि नेटवर्कवरून बाकीच्यांवर ओतायची, फुकट आहे, ओपन सोर्स आहे, कागदावर सगळं एकदम सोपं. प्रत्यक्षात मी दोन वेळा लिनक्स फॉरमॅट केलं, आणि आता मागे वळून बघितलं तर त्यातल्या एकाही फॉरमॅटची गरज नव्हती.

पहिल्यांदा गंडलो ते तर लाज वाटण्यासारखं आहे. डेबियनवर (लिनक्सचाच एक प्रकार) टर्मिनलमध्ये नुसतं एसयू (रूट म्हणजे मुख्य युजर व्हायची कमांड) केलं आणि इन्स्टॉलर चालवला, तो मधेच कुठली तरी कमांड सापडत नाही म्हणून थांबला. डेबियन १० पासून नुसत्या एसयूने रूटचा पाथ (कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी) येत नाही, एसबिन फोल्डरमधल्या कमांड दिसतच नाहीत, एसयूपुढे एक डॅश द्यावा लागतो, बस. पण मला वाटलं पॅकेजेसच खराब उतरलीत, केलं फॉरमॅट. इन्स्टॉलर ज्या बिन फोल्डरमधून चालवतो ना, तिथेच एरर लॉग्स नावाचं फोल्डर तयार होतं आणि त्यात शेवटची कमांड काय बोलली ते सगळं लिहिलेलं असतं. ते मी दुसऱ्या फॉरमॅटनंतर उघडलं.

दुसरा फॉरमॅट कशामुळे? इन्स्टॉलर मधे एका ठिकाणी थांबतो आणि म्हणतो ब्राउझरमध्ये अमुक पत्ता उघडा, डेटाबेस अपडेट करा, मग इथे एंटर दाबा. मी सवयीने लगेच एंटर दाबलं, कोण वाचतो. मग पुढे जे काही फुटलं ते फुटलं आणि मी दोष दिला मारियाडीबीला, म्हणजे डेटाबेसला.

तिसऱ्या वेळी इन्स्टॉल व्यवस्थित झालं, वेब पेज उघडलं, लॉगिन झालं, खूश. क्लायंट मशीन नेटवर्कवरून बूट केलं तर पीएक्सई-ई५३ ही एरर (पीएक्सई म्हणजे नेटवर्कवरून बूट व्हायची पद्धत), म्हणजे डीएचसीपीने (मशीनना आयपी पत्ते वाटणारी सेवा) आयपी दिला पण बूट फाइलचं नाव काही दिलं नाही. आमचा डीएचसीपी राउटरवर आहे, फॉगवर नाही, त्यामुळे तिथे ऑप्शन ६६ मध्ये फॉगचा आयपी आणि ६७ मध्ये फाइलचं नाव घालायला लागतं. जुन्या बायोसच्या मशीनला अनडायोनली डॉट केपीएक्सई आणि नव्या पद्धतीच्या यूईएफआय मशीनला आयपीएक्सई डॉट ईएफआय. लॅबमध्ये दोन्ही प्रकारची खिचडी असेल तर एकच नाव देऊन भागत नाही, आणि राउटरला हे ऑप्शनच नसतील तर डीएनएसमास्क नावाचा प्रोग्राम प्रॉक्सी मोडमध्ये (राउटरच्या डीएचसीपीला जोड म्हणून) चालवायचा, तो क्लायंट कुठल्या जातीचा आहे ते बघून बरोबर फाइल सांगतो. यूईएफआयमध्ये सिक्युअर बूटही बंद करून ठेवा.

ते झालं तर पीएक्सई-ई३२. हा टीएफटीपीचा (बूट फाइल पाठवणारी सेवा) टाइमआउट. फायरवॉलमध्ये यूडीपी ६९ उघडला होता तरी हीच रड, कारण टीएफटीपीत विनंती ६९ वर जाते पण सर्व्हर उत्तर देतो दुसऱ्याच पोर्टवरून. शोधण्यापुरता फायरवॉल पूर्ण बंद केला की लगेच कळतं चूक तिथेच आहे की नाही. रेड हॅटच्या घराण्यातलं लिनक्स असेल तर एसईलिनक्स या सुरक्षा कुंपणाचाही तोच हिशोब.

मग एक भूत. मशीन बूट झालं, फॉगचा मेनू दिसला, म्हणजे आयपी मिळतोय, पण फॉगचं लिनक्स कर्नल चढलं की म्हणतं डीएचसीपीकडून आयपी मिळाला नाही. अरे आत्ता तर मिळाला होता की! स्विचवर स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमध्ये वर्तुळ होऊ नये म्हणून पोर्ट तपासणारी सोय) चालू होतं. कर्नल चढताना लिंक क्षणभर पडते, पोर्ट पुन्हा पहिल्यापासून ऐकणं-शिकणं करत बसतो, त्यात तीसेक सेकंद जातात आणि तोवर क्लायंट थकून सोडून देतो. मधे एक साधा पाच पोर्टचा बिनडोक स्विच लावून बघितला, चाललं. मग मोठ्या स्विचवर त्या पोर्टांना पोर्टफास्ट केलं, म्हणजे ही वाट बघणं टळलं.

आता खरी गोष्ट, जिच्यासाठी ही पोस्ट लिहायला घेतली. इमेज घ्यायला लावली, पार्टक्लोनचा (डिस्कची नक्कल करणारा प्रोग्राम) निळा स्क्रीन, टक्के सरकतायत, ४०, ७०, १००, आणि सगळं झाल्यावर एकदम शेवटी एरर. पुन्हा केलं, पुन्हा तेच, दर खेपेला तेवढाच वेळ वाया. मी डिस्कवर संशय घेतला, एनएफएसवर (सर्व्हरचं फोल्डर नेटवर्कवरून वापरू देणारी सेवा) घेतला, केबलपण बदलली. पण डेटा तर पूर्ण आलेला होता! सर्व्हरवरच्या इमेजेस फोल्डरच्या आत डेव्ह फोल्डर असतं, त्यात क्लायंटच्या मॅक पत्त्याच्या (नेटवर्क कार्डचा नंबर) नावाने सगळ्या फाइल्स नीट पडलेल्या. एनएफएस चालतच होतं की मग.

घोळ असा की इमेज लिहिली जाते एनएफएसने त्या डेव्हमध्ये, पण ती तिथून उचलून खऱ्या जागी ठेवायचं काम एफटीपीने होतं, आणि एफटीपी लॉगिन करतं फॉगप्रोजेक्ट नावाच्या लिनक्स युजरने. हा युजर इन्स्टॉलर स्वतः बनवतो, पासवर्डही तोच ठरवतो. आणि मी काय केलेलं? युजरच्या यादीत हे नाव दिसलं, पासवर्ड माहीत नाही, म्हणून माझ्या सोयीचा टाकला. संपलं. पासवर्ड लिनक्समध्ये एक, वेब पेजवर स्टोरेज नोडमध्ये (इमेज साठवणाऱ्या सर्व्हरची नोंद) दुसरा, फॉग सेटिंग्जमध्ये टीएफटीपी सर्व्हरखाली तोच जुना, आणि ऑप्ट फोल्डरात फॉगच्या डॉट फॉगसेटिंग्ज फाइलमध्येही जुनाच. चारही ठिकाणी एकच पाहिजे. त्या डॉटवाल्या फाइलमधला पासवर्ड घेऊन बाकी तिन्हीकडे तोच टाकला, इमेज घेतली, आणि ती गपचूप जागेवर जाऊन बसली. त्या युजरला हात लावू नका, त्याने लॉगिनही करू नका, तो तुमचा नाहीये.

सर्व्हरला आयपी स्टॅटिकच द्या हेही सांगून ठेवतो, कारण इन्स्टॉलच्या वेळचा आयपी टीएफटीपीबूटमधल्या डिफॉल्ट फाइलमध्ये, सेटिंग्जमध्ये, नोडमध्ये सगळीकडे लिहिला जातो, नंतर बदलला तर शोधत बसा.

विंडोज मशीनची इमेज घेणार असाल तर आधी फास्ट स्टार्टअप बंद करून पूर्ण शटडाउन करा, नाहीतर एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टिम) अर्धवट झोपलेलं राहतं आणि पार्टक्लोन हात वर करतं. यात मात्र मी एकदाच फसलो, कारण तोवर स्क्रीनवरची एरर वाचायची सवय लागली होती. युनिकास्टने (प्रत्येक मशीनला वेगळी इमेज पाठवत) दोन-दोन मशीन करत लॅब झाली. मल्टिकास्ट (एकदाच पाठवून सगळ्यांना देणं) अजून चालू होत नाहीये, पहिल्या क्लायंटवर स्क्रीन नुसता वाट बघत उभा राहतो, स्विचच्या आयजीएमपी (मल्टिकास्ट कोणाला हवंय ते ठरवणाऱ्या) सेटिंग्ज बघायच्या राहिल्यात.