तुतवाराच्या माना मोजताना

पाखरं मोजायला मी शिकले होते. या हिवाळ्यात मात्र मालवणजवळच्या आचऱ्याच्या पुळणीवर त्यांच्या माना मोजायच्या ठरवल्या. चरताना तुतवार, म्हणजे किनाऱ्यावरचं ते छोटं पाणपाखरू, किती वेळा डोकं वर काढतो आणि सोबतीला थवा असला की त्यात काय फरक पडतो, एवढाच प्रश्न होता. परिसरशास्त्रज्ञ रोनाल्ड पुलियम यांनी १९७३ साली मांडलेला हिशेब वाचनात आला होता. डोळे जास्त असले की ससाणा कुणाला तरी वेळेत दिसतो, म्हणून एकेकाने मान कमी वेळा उचलली तरी चालतं आणि वाचलेला वेळ चोचीच्या कामी येतो.

पहिला आठवडा फुकट गेला. मी ओल्या वाळूत दुर्बीण लावून उभी आणि पाखरं माझ्याकडे बघत ताटकळलेली. त्यांना माझी वाटणारी भीतीच मी वहीत लिहून घेत होते. रापणीवरचे, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावरचे, एक आजोबा म्हणाले, "गो चेडवा, उभी रव नको. खाली बस." तेव्हापासून सकाळची सुकती, म्हणजे ओहोटी, लागायच्या आधीच होडीच्या आडोशाला जाऊन बसायचे. पाणी मागे सरलं की त्याच्या काठाकाठाने पाखरं आपणच जवळ यायची.

एका पाखराला दोन मिनिटं द्यायची, हा नियम. पण लिहायला नजर वळवली की तेवढ्यात मान वर होऊन गेलेली असे. मग फोनचं रेकॉर्डिंग लावून नुसतं "वर", "खाली" पुटपुटायला लागले.

खरं अडले ते चिखल्या या दुसऱ्या किनारी पाखरापाशी. तो दोन पावलं धावतो, थबकतो, मग टिपतो. थबकलेला असताना तो किडा शोधतोय की आभाळ बघतोय? मला ते वेगळं काढता येईना, म्हणून जड मनाने चिखल्या सोडला. तुतवार वाळूत चोच खुपसून चाचपत खातो, त्याची मान कधी उचलली ते स्पष्ट कळतं. तरी डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे मान खाली म्हणजे नजर बंद, असं त्याच्याही बाबतीत म्हणता येत नाही.

रापणीवर ब्राह्मणी घारी घिरट्या घालत तेव्हा तुतवार फारसे बिचकत नसत. एकदा बहिरी ससाणा आला आणि सगळी पुळण एका क्षणात रिकामी झाली! परतल्यावर कितीतरी वेळ पाखरं नीट चरेचनात.

एकटा तुतवार सारखा मान उचलतो, थव्याच्या मधला कमी, कडेचा त्याहून जास्त, असं मला दिसत गेलं. पण थवा जमतो तो खाणं भरपूर असतं तिथेच, आणि शेजारी चोच मारणारे असले की प्रत्येकाला घाईही होते. म्हणजे मान कमी उठते ती निर्धास्तपणाने की घाईने? पुढच्या हिवाळ्यात एकाच जागी, पाण्याच्या एकाच पातळीला, एकटी आणि थव्यातली पाखरं बघणार आहे. होडीवाल्यांना आत्ताच सांगून ठेवलंय.