मापानं लिहिलेली कादंबरी

झेरॉक्स काढायला येणारी माणसं विचारतात, लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्या बायका विचारतात, हल्ली मुलाचे मित्रसुद्धा विचारतात : "वहिनी, महिन्याभरात कादंबरी लिहून होते?" विचारण्यात थोडी गंमत, थोडा संशय. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सगळं सांगते. लिहून होते. वाचण्यासारखी होत नाही.

हे खूळ मूळचं अमेरिकेतलं. १९९९च्या जुलैत सॅन फ्रान्सिस्कोकडे ख्रिस बेटी आणि त्याच्या दोस्तमंडळींनी, सगळे मिळून एकवीस जणांनी, महिन्याभरात कादंबरी लिहायची टूम काढली. आकडा ५०,००० शब्दांवर पक्का झाला. दुसऱ्या वर्षी त्यांनी महिना बदलून नोव्हेंबर केला. तिकडे नोव्हेंबरात हवा वाईट, माणसं तशीही घरात बसलेली. पुढे जगभर लाखो लोक हे करू लागले, 'नॅनोरायमो' (नॅशनल नॉव्हेल रायटिंग मंथ) हे नाव रूढ झालं. २०२५मध्ये हे चालवणारी संस्था बंद पडली. लिहिणारे अजून लिहितात, कारण यात कोणाकडे फॉर्म भरायचा नसतो.

आता सांगा, आपल्याकडे नोव्हेंबरात घरात कोण बसतं? वेंगुर्ल्यात तर नाहीच. भात झोडून घरात येत असतं, दिवाळी, तुळशीचं लग्न, सोनुर्लीची लोटांगणाची जत्रा, मग गावोगावच्या जत्रा, आणि मध्येच मुंबईचे पाहुणे 'बीचवर कसं जायचं' विचारत दारात. मी २०२३च्या नोव्हेंबरात बसले. मुहूर्त बघून कोणी असा महिना काढला नसता.

पहिल्या दिवशी सासूबाईंना सांगितलं, रोज १,६६७ शब्द लिहायचे आहेत. त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. "मापान लिवतंस? भात काय ता?" त्या रात्रीपासून ताट वाढताना एकच प्रश्न : "आज किती पायली झाली गो?" मीही हिशेब द्यायचे. कधी पायली भरून वर शीग, कधी पायलीत हात घातला तर तळ लागायचा. घरात दुसऱ्या कोणी माझी एवढी चौकशी केली नाही. नवऱ्याने तर दहाव्या दिवशी विचारलं, "तू रात्री जागून कसली बिलं करतेस?"

टायपिंगची मला भीती नव्हती. लग्नाआधी मराठी टायपिंगची तीसच्या स्पीडची, म्हणजे मिनिटाला तीस शब्दांची, परीक्षा दिली होती. त्या हिशेबाने १,६६७ शब्दांना छप्पन मिनिटं लागतात. पण परीक्षेत समोर उतारा असतो. इथे उतारा कुठून आणायचा? छप्पन मिनिटांचे तीन तास व्हायचे ते त्यापायी. दुपारी दोन ते चार बाजार थंड असतो, तेव्हा काउंटरमागे बसायचे. गिऱ्हाईक आलं की वाक्य अर्धं. सातबाऱ्याच्या दोन प्रती काढून परत येईपर्यंत नायिका पाणी आणायला गेलेली असायची, ती विहिरीवरच राहायची. खरंच, तिसऱ्या प्रकरणात ती विहिरीवर गेली आणि आठव्यापर्यंत परत आलीच नाही. माझ्या लक्षातच आलं नाही.

नायिका म्हणजे एका दशावतारी नटाची बायको. नवरा तुळशीच्या लग्नानंतर जो घराबाहेर पडतो तो रात्री बाहेर, दिवसा झोपलेला, थेट पावसाच्या तोंडापर्यंत. रंगमंचावर तो बायकांचं काम करतो, स्त्रीपार्टी. ही घरी त्याची लुगडी धुते. एवढं मला ठाऊक होतं. बाई मालवणी बोलणारी, म्हणून मी हुशारी केली : फोनला बोलून लिहायला सांगितलं. मी म्हणायचे "खंय गेललंस" (कुठे गेला होतास), फोन लिहायचा "काय गेलं". दोन दिवसांत बाईचं घर शोकाकुल झालं. मग परत कीबोर्ड.

शब्दमोजणीचं खरं दुखणं मला नवव्या दिवशी कळलं, आणि यावर कोणी बोलत नाही म्हणून जरा थांबते. कॉम्प्युटर शब्द मोजतो म्हणजे मधल्या मोकळ्या जागा मोजतो. 'बंदरावरच्यांनासुद्धा' हा त्याच्या लेखी एक शब्द. हेच इंग्रजीत सांगायला पाच-सहा शब्द लागतात. आपली भाषा प्रत्यय, शब्दयोगी अव्ययं सगळं पाठीला बांधून चालते. म्हणजे त्यांचे ५०,००० आणि आपले ५०,००० हे एकाच मापाचे नाहीत, आपलं माप मोठं. हे कळल्यावर मी काय केलं असेल? 'घरा समोर', 'त्याच्या बरोबर', 'आई साठी' असं तोडून लिहायला लागले. एका पानावर तीस-चाळीस शब्द फुकट. पोरांचे प्रोजेक्ट टाइप करताना हीच चूक मी त्यांना सुधारून देते, वर चार शब्द सुनावते. स्वतःचं पान वाचताना लाज वाटली. सगळं जोडून टाकलं आणि आकडा ४०,०००वर आणला, रोजचे १,३३४. नियम मोडला म्हणाल तर मोडला. मोजायला कोण येणार होतं, सासूबाई सोडून?

बारा तारखेला शून्य. त्या दिवशी चावदिस, म्हणजे नरकचतुर्दशी. पहाटे तुळशीसमोर कारीट फोडायचं, पाच तऱ्हेचे पोहे करायचे, आलेल्या-गेलेल्यांना वाढायचे. रात्री बसले तर बोटांना गुळाचा वास आणि डोक्यात काही नाही. तेरा, चौदालाही तसंच. पंधराला भाऊबीज. तिथे मी जवळजवळ सोडलंच होतं.

त्रिपुरारी पौर्णिमा त्या वर्षी महिन्याच्या अखेरीस आली आणि आमच्या गावची जत्रा लागली. मी माहिती काढायच्या निमित्ताने देवळामागे गेले. नट पेटाऱ्यांजवळ बसून रंगत होते. स्त्रीपार्टी करणारे पन्नाशीचे गृहस्थ, हातात तळहाताएवढा आरसा, अर्ध्या तोंडाला रंग लागलेला आणि अर्धं अजून शेतकऱ्याचं. मी विचारलं, "आज काय बोलणार आहात?" दशावतारात लिहिलेली संहिता नसते हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. आख्यान ठरतं, कोणी कोणाचं काम करायचं ते ठरतं, बाकी बोलणं तिथल्या तिथे. पण ऐकणं वेगळं. त्यांनी आरशातूनच उत्तर दिलं, "उभो रवलंय की कळता."

मी पहाटेपर्यंत बसले. त्यांचा प्रवेश दोनच्या सुमाराला आला. राणीचा विलाप. सुरुवातीची चार वाक्यं साधीच, कुठल्याही राणीची. एक तर चुकलं, त्यांनी राजाचं नाव दुसऱ्याच आख्यानातलं घेतलं. पेटीवाल्याने मान वर करून पाहिलं. हे थांबले नाहीत. त्याच नावाने दोनदा हाक मारली आणि म्हणाले, दुःखानं मला तुमचं नावसुद्धा आठवत नाही हो महाराज. माझ्या शेजारची म्हातारी पदराने डोळे पुसायला लागली. ते वाक्य आदल्या क्षणापर्यंत कुठेच नव्हतं, आणि आधीची चार फिकी वाक्यं बोलल्याशिवाय त्यांना ते सापडलंही नसतं.

घरी येऊन दहीकाल्याचा प्रसाद ठेवला आणि बसले. उरलेल्या तीन दिवसांत नऊ हजारांवर शब्द लिहिले. एकही ओळ मागे जाऊन वाचली नाही. नायिकेला विहिरीवरून आणायलासुद्धा गेले नाही. तीसच्या रात्री आकडा ४०,२१२. सासूबाईंनी विचारलं, मी सांगितलं, "भरली." त्या म्हणाल्या, "आता वारवूक होया."

आणि वारवलं, वाऱ्यावर धरून फोल उडवतात तसं. खराब झेरॉक्सच्या कोऱ्या बाजूवर सगळं छापून काढलं. माझ्या सहाव्या प्रकरणामागे कोणाचा तरी सातबारा आहे, अकराव्यामागे दहावीची गणिताची पत्रिका. लाल पेनाने दीड वर्ष पाखडल्यावर एकोणीस हजार उरलेत. विहिरीवर अडकलेली पाच प्रकरणं मात्र ठेवली. तिथे ती एकटी असते, आणि कादंबरीत तेवढीच एक जागा आहे जिथे ती नवऱ्याचं लुगडं न धुता नुसती बसते.

तुम्हाला करायचं असेल तर नोव्हेंबर धरू नका. त्या एकवीस जणांनीसुद्धा पहिल्यांदा जुलैच धरला होता. आपला आषाढ. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, पाहुणे नाहीत, जत्रा नाही. लाइट जाते, तेवढं सांभाळा. मी यंदा इन्व्हर्टर घेतलाय आणि दुसरी सुरू करतेय. तेव्हा दुपारी दोन ते चार झेरॉक्सला येऊ नका. आलातच तर काउंटरवर कागद ठेवून जा, मी हाक मारीन.