रोबो दोन फरशा सरळ चालवायचा, तर गणित किती?

फर्स्ट टेक चॅलेंज या शाळकरी मुलांच्या रोबो-स्पर्धेत पहिली ३० सेकंदं रोबोने आपलं आपण चालायचं असतं. तिथेच नववी-दहावीचं गणित कामाला लागतं.

समजा, मोटरवरचा एन्कोडर (फिरणं मोजणारा सेन्सर) चाकाच्या एका फेऱ्यात ५३७.७ टिक, म्हणजे ठोके, मोजतो. चाकाचा व्यास ९६ मिमी, म्हणजे परीघ ३०१.६ मिमी. भागाकार केला की मिलिमीटरला १.७८३ टिक. मैदानातल्या दोन फरशा म्हणजे ४८ इंच, १२१९ मिमी. हुकूम द्यायचा २१७४ टिकांचा.

आणि रोबो ६८४ मिमीवरच थांबतो! मुलं मोटरला दोष देतात. खरी चूक जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेतल्या भागाकाराची: दोन्ही आकडे पूर्णांक धरले, तर ५३७ भागिले ३०१ याचं उत्तर १ येतं, दशांश गळून पडतो, आणि हुकूम १२१९ टिकांचाच जातो. परिमेय संख्या का हव्यात, हे याहून नीट फळ्यावर कळत नाही.

ते सुधारूनही फरक उरतोच. मग ३००, ६००, ९००, १२०० मिमीचे हुकूम द्या, प्रत्येक हुकूम तीनदा, टेपने मोजा, आलेख काढा. रेषेचा चढ १ नसेल तर बहुधा व्यास चुकलाय. चढ बरोबर, पण रेषा आरंभबिंदूतून जात नसेल, तर सुटताना किंवा थांबताना चाक घसरतंय. वेग हळूहळू वाढवा. एन्कोडर चाक मोजतो, जमीन नाही.