ब्रुअरी वाढवताना घाम काढला तो ढाळाने

आमची ब्रुअरी ५०० लिटरच्या बॅचवर चालायची, माल पुरेना म्हणून २,००० लिटरचं ब्रूहाऊस (जिथे धान्य उकळून रस काढतात तो भाग) आणि सहा फर्मेंटर, म्हणजे बिअर आंबवायच्या टाक्या, टाकायचं ठरलं. आता जो तो टाक्यांबद्दलच विचारतो, कुठून आणल्या, केवढ्याला पडल्या, पण खरं सांगतो टाक्यांचं काम सगळ्यात सोपं होतं, कस लागला तो फरशीत.

ब्रुअरीत दिवसभर पाणी सांडतं. लिटरभर बिअरमागे पाच-सहा लिटर पाणी सहज जातं, त्यात टाक्या धुताना ७०-८० डिग्रीचं कॉस्टिक सोड्याचं पाणी, फरशीवरचा साधा इपॉक्सीचा लेप अशा गरम-गारात सुटायला लागतो. म्हणून पीयू काँक्रीट (पॉलियुरेथेन मिसळलेला जाड थर) घेतलं, महाग पडतं पण इथे हात आखडू नका. ढाळ ठरला होता मीटरला दोन सेंटिमीटर. कोटिंगच्या आदल्या दिवशी मी आणि आमच्या ब्रुअरने बादल्या भरभरून पाणी ओतलं, सगळं निचऱ्याच्या चॅनलकडे पळालं आणि तीन नंबरच्या टाकीच्या जागी मात्र परातीएवढं डबकं तसंच, हलेचना. ठेकेदार म्हणाला रोज वायपरने ओढून घ्या की. मी नाही म्हटलं, कारण तिथे वॉर्टचं, म्हणजे बिअर होण्याआधीच्या धान्याच्या रसाचं, गोड पाणी साचलं की जंतू धरणारच आणि मग बॅच आंबली की कारण शोधत बसा. तेवढा भाग फोडला, परत ढाळ काढला, नऊ दिवस गेले. टाक्या बसल्यावर हे करताच आलं नसतं, भरलेली एकेक टाकी अडीच टनांच्या घरात जाते.

टाक्या गार ठेवणाऱ्या चिलरचं पण तसंच. कोटेशन आलं ते रोजच्या सरासरी लोडवर, आम्ही सगळ्यात वाईट दिवस धरून हिशोब केला. २,००० लिटर बिअर २० वरून २ डिग्रीला आणायची म्हणजे ३६,००० किलोकॅलरी, २४ तासांत आणायची तर अर्धा टन कूलिंग (हा टन वजनाचा नाही, एसीसारखा गार करायच्या ताकदीचा) नुसतं त्यालाच, वर दोन टाक्या जोरात फर्मेंट होतायत आणि त्याच दिवशी नवा वॉर्ट पण गार करायचाय. एक साइझ मोठा घेतला, चिलरचं गार द्रव टाक्यांकडे नेणाऱ्या ग्लायकॉलच्या लाइनला पुढच्या दोन टाक्यांपुरते व्हॉल्व्ह जास्तीचे काढून ठेवले.

आणि एक, बिअर आंबताना निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो आणि माणूस गुदमरू शकतो. आमच्याकडे त्याचे सेन्सर छताजवळ लावून गेले होते, ते काढून गुडघ्याच्या उंचीवर आणले आणि एक्झॉस्टचं तोंडही खालीच घेतलं, मगच पहिली बॅच लावली.