जॅक कुठंय?

नाताळच्या सुट्टीत आम्ही गाडीनं विजापूरला गेलो. २०१४ साली त्याचं विजयपुरा झालं, पण आम्हा सोलापूरकरांच्या तोंडी अजून विजापूरच. शंभरेक किलोमीटरचा रस्ता. आई म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांची धाकटी बहीण मावशी, आमचे हे, धाकटे भाऊजी, मी आणि दोन पोरं. डिक्कीत पाण्याचा कॅन, दोन चादरी, शेंगाच्या चटणीची बरणी आणि आईंच्या कडक भाकऱ्या.

मंद्रूप मागं पडलं. दोन्ही बाजूंना काळ्या रानात ज्वारी उभी होती. पोरं हुरडा मागत होती, तेवढ्यात मागचं टायर बसलं.

स्टेपनीसाठी सगळं सामान रस्त्याकडेला काढलं. पाना सापडला. जॅक नाही.

"जॅक कुठंय बे?" हे भाऊजींवर ओरडले. आदल्या आठवड्यात भाऊजी मित्राच्या लग्नाला गाडी घेऊन गेले होते, त्यामुळं सगळ्यांची नजर त्यांच्याकडंच. त्यांनी सिद्धेश्वर महाराजांची शपथ घेतली. मग मित्राला फोन. मित्र एवढा दुखावला की फोनच ठेवून दिला. आई एका बाजूला चादरीवर बसून जपमाळ ओढत होत्या. एरवी मुलांच्या भांडणात पहिल्यांदा त्याच पडतात, आज एक शब्द नाही. उन्हानं थकल्या असतील असं मला वाटलं.

दरम्यान धाकटा भाकऱ्यांच्या पिशवीवर जाऊन बसला. कडक भाकरीचा पार भुगा. चटणीच्या बरणीचं झाकणही सैल होतं, लाल तेल चादरीत मुरलं. मला रडूच येत होतं, कारण ती चटणी आईंनी उखळात कुटली होती, मिक्सरवर नाही.

एक उसाचा ट्रॅक्टर थांबला. ड्रायव्हर इंडीकडचा, कन्नड बोलणारा. मावशीचं माहेर अक्कलकोटचं, तिनं फाडफाड कन्नडात सगळी हकीकत सांगितली. त्यानं स्वतःचा जॅक काढून वीस मिनिटांत चाक बदललं. पैसे देऊ केले तर "दुड्ड बेडा" म्हणाला. भाकरीचा भुगा आणि चटणी मात्र कागदात बांधून घेतली. त्या माणसाचं नाव विचारायचं राहिलं, ते मला अजून लागतं. पुढं टाकळीच्या पुलावरून भीमा ओलांडेपर्यंत दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत.

गोलघुमटाच्या कोपऱ्यातल्या मनोऱ्यात अरुंद जिना आहे. सात मजले आई गुडघे धरत चढल्या. वर घुमटाच्या आतून गोल सज्जा फिरतो. बाहेरून ४४ मीटर व्यासाचा घुमट आणि खाली एकही खांब नाही. भिंतीला तोंड लावून कुजबुजलं की आवाज गोल भिंतीवरून सरकत पार समोरच्या बाजूला स्पष्ट ऐकू येतो. शाळेची सहल किंचाळत होती तोवर काही कळेना. मग गुरुजींनी पोरं खाली नेली आणि एकदम शांत झालं.

आई आणि मावशी पलीकडं भिंतीला टेकून बसल्या होत्या. आम्ही चौघं-पाचजण अलीकडं. आणि भिंतीतून, अगदी कानाशी बोलावं तसा, आईंचा आवाज आला:

"अगं, जॅक मीच काढलाय. कपाटाचा पाय कुजला होता, सुतार काय येईना. लावला त्याच्याखाली. पोरांना बोलू नको."

ह्यांनी भाऊजींकडं बघितलं. भाऊजी कठडा धरून सगळ्या ताकदीनिशी ओरडले, "आईऽऽ!"

घुमटानं ती हाक सात-आठ वेळा परत दिली. प्रत्येक वेळेला आई दचकून वर बघत होत्या. मग मावशी हसायला लागली, आणि तिचं हसणंही फिरून फिरून येत राहिलं. दोघे भाऊ एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होते.

सत्तरीच्या बाईनं एकटीनं भरलेलं कपाट जॅकवर उचललं, ह्याचं मला खरंच अप्रूप वाटतं. "तुम्ही टायर बदलताना बघितलं होतं की," एवढंच म्हणाल्या.

घरी आल्यावर आईंनी नवी चटणी कुटली आणि अर्धा किलो त्या मित्राकडं स्वतः नेऊन दिली. गाडीसाठी दुसरा जॅक घेतला. पहिला अजून कपाटाखालीच आहे.