पर्थ ते पिंडार आणि परत : रानफुलांसाठी सात दिवसांची गाडीवाट

पश्चिम ऑस्ट्रेलियात रानफुलं बघायला निघण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्यायला हवी. पर्थच्या उत्तरेला फुलांचे दोन वेगळे संसार आहेत आणि दोघांचं गणितही वेगळं आहे. पहिला गालिच्यांचा: गव्हाच्या पट्ट्याच्या कडेला, मलेवा-मिंजेन्यू भागात मैलोन्‌मैल पसरणारी पांढरी, पिवळी, गुलाबी एव्हरलास्टिंग. ही वर्षायू झाडं. मे ते जुलै पाऊस नीट झाला तरच उगवतात, नाहीतर त्या वर्षी जमीन उघडीच. दुसरा संसार क्वोंगनचा, म्हणजे रेताड जमिनीवरच्या कंबरेएवढ्या झुडपांचा. क्वोंगन हा तिथल्या मूळ नूंगार लोकांचा शब्द. ही झुडपं बारमाही, त्यामुळे पाऊस थोडा इकडेतिकडे झाला तरी फुलतातच.

बहुतेक लोक फक्त गालिच्यांसाठी जातात, कोरडं वर्ष असलं की हिरमुसून परततात, आणि परतीच्या वाटेवर जगातल्या सर्वांत श्रीमंत झुडपी रानांपैकी एक १०० किमीच्या वेगाने मागे टाकतात. म्हणून सातपैकी निदान दोन दिवस क्वोंगनला द्या. गालिचे मिळाले तर सोन्याहून पिवळं.

दोन्ही एकत्र साधायचे तर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा उत्तम. ऑगस्टअखेर गालिचे जोरात असतात पण क्वोंगन अर्धवट. सप्टेंबरच्या शेवटाला एव्हरलास्टिंग उन्हाने वाळायला लागतात, क्वोंगन मात्र ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत रंगात असतं. व्हर्टिकॉर्डिया, म्हणजे पिसांसारख्या झालरीची फुलं, हाच तुमचा हट्ट असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरशिवाय पर्याय नाही.

पहिला दिवस पर्थच्या किंग्ज पार्कला. क्षेत्र ४०० हेक्टर, त्यातलं दोन तृतीयांश मूळ रान, प्रवेश मोफत. शहर सोडण्याआधी इथे थांबायचं ते ओळख करून घेण्यासाठी. बोटॅनिक गार्डनमध्ये राज्यभरातली झाडं प्रदेशानुसार लावलेली आहेत आणि पाट्या चोख आहेत. बँक्सिया, हेकिया आणि ग्रेव्हिलिया यांतला फरक इथेच डोळ्यांत बसवून घ्या. तिन्ही एकाच कुळातली. बँक्सियाचा फुलोरा दंडगोल किंवा गोळा असतो आणि फळं लाकडी शंकूवर चिकटलेली असतात. हेकियाचं फळ लाकडी, टणक आणि बराच काळ फांदीवर टिकणारं, ग्रेव्हिलियाचं पातळ सालीचं आणि पिकलं की लगेच उकलून गळणारं. फूल नसतानाही एवढ्यावर झाड ओळखता येतं. राज्याचं मानचिन्ह असलेला लाल-हिरवा कांगारू पॉ इथे हाताच्या अंतरावर बघता येतो. त्याची वाकडी नळी पक्ष्यासाठी असते. मध प्यायला पक्षी वाकला की परागकण थेट त्याच्या डोक्याला लागतात.

दुसऱ्या दिवशी ग्रेट नॉर्दर्न हायवेने न्यू नॉर्सिया, डालवलिनू, वुबिन आणि तिथून पेरेंजोरीमार्गे मोरावा. अंतर साडेतीनशे किमीच्या पुढे, म्हणून सकाळी लवकर निघा. डालवलिनूपर्यंत दोन्ही बाजूंना गहू आणि कनोलाच (मोहरीसारखं पिवळ्या फुलांचं तेलबियांचं पीक) असतो. मूळ रान उरलंय ते रस्त्याच्या कडेच्या चिंचोळ्या पट्ट्यांत आणि लहान राखीव तुकड्यांत. हे पट्टे नकाशावर दिसत नाहीत. शेताचं कुंपण आणि डांबर यांच्यामध्ये दहा-वीस मीटर झुडपं दिसली की पुढच्या सुरक्षित जागी थांबायचं आणि चालत मागे यायचं.

इथून पुढे गाडी चालवण्याबद्दल. वाहतूक आपल्यासारखी डावीकडून, त्यामुळे स्टिअरिंगची सवय लगेच होते, अंतराची होत नाही. वेगमर्यादा ११० असली तरी समोरून रोड ट्रेन, म्हणजे एकामागे एक ट्रेलर जोडलेले अजस्र ट्रक, येतात: ३६.५ मीटरपर्यंत लांब आणि वुबिनच्या उत्तरेला ५३.५ मीटरपर्यंत. ओव्हरटेक करायला सरळ, रिकामा रस्ता किलोमीटरभर तरी दिसायला हवा, नाहीतर मागेच राहा. फुलं दिसली म्हणून करकचून ब्रेक मारणं हा इथला सर्वांत धोकादायक प्रकार, कारण मागच्या रोड ट्रेनला तेवढ्या अंतरात थांबता येत नाही. सूर्य मावळायच्या तासभर आधी मुक्कामी पोचा. संध्याकाळी कांगारू रस्त्यावर येतात, आणि भाड्याच्या गाडीच्या करारात गावाबाहेर रात्री चालवायला अनेकदा मनाई असते. त्याच करारात कच्च्या रस्त्याचं कलमही असतं. साध्या गाडीला कच्च्या रस्त्यावर विमा लागू नसेल तर पिंडार आणि कोलसीमचे टप्पे अडचणीत येतात, म्हणून बुकिंगच्या वेळीच लेखी विचारून घ्या. पर्यटकाला भारतीय लायसन्स इंग्रजीत असेल तर चालतं. तरीही आंतरराष्ट्रीय परवाना सोबत असलेला बरा, कारण काही भाडेकंपन्या तो मागतात.

तिसरा दिवस मलेवा आणि पिंडार. सगळी धडपड इथल्या एका फुलासाठी: लेशेनॉल्टिया मॅक्रांथा, म्हणजे फुलांची चक्री. मलेवाच्या पूर्वेला ३० किमीवर पिंडार, तिथून उत्तरेला जाणाऱ्या कच्च्या पिंडार-बेरिंगारा रस्त्याच्या कडेला ती उगवते. लोक रानात शोधत बसतात आणि ती असते रस्त्याच्या उघड्या, खडीच्या काठावर, ग्रेडरने (रस्ता सपाट करणाऱ्या यंत्राने) खरवडलेल्या पट्टीत. उकरलेली, मोकळी माती तिला आवडते. दाट झुडपांत ती टिकत नाही. जमिनीला चिकटून वाढणारं एक झाड म्हणजे एक गोल: मध्ये करड्या-हिरव्या बारीक पानांची गादी आणि फक्त काठाला, बाहेर तोंड करून बसलेली मलईरंगी, गुलाबी, लाल फुलं. कोणीतरी बसून वेणी गुंफावी आणि जमिनीवर ठेवून जावी, तसं दिसतं.

इथे चूक होते ती गाडी लावताना. चक्री काठावरच असल्यामुळे काठावर उतरवलेली गाडी बिनफुलाच्या कोवळ्या रोपांवरून जाते, आणि ती रोपं खडीत दिसतही नाहीत. आधीच्या गाड्यांनी तुडवलेल्या टणक जागीच थांबा. फोटोसाठी गुडघे टेकण्याआधी खाली बघा. वरून, सरळ रेषेत काढलेल्या फोटोत गोल पूर्ण येतो, बाजूने काढलात तर नुसता झुबका दिसतो. यंदाची चक्री नेमकी कुठे आहे ते मलेवाच्या व्हिजिटर सेंटरमध्ये विचारा. जागा दरवर्षी थोडी सरकते.

चौथ्या दिवशी कोलसीमचं राखीव रान. १८४६ मध्ये ग्रेगरी बंधूंना अर्विन नदीच्या काठावर इथे कोळशाचे थर सापडले, त्यावरून हे नाव. मिंजेन्यूपासून सुमारे ३५ किमी. चांगल्या वर्षी नदीकाठच्या उतारांवर जमीन दिसत नाही. एव्हरलास्टिंगच्या 'पाकळ्या' म्हणजे खरं तर कागदासारखी कोरडी छदं आहेत, बोटांत धरली की चुरचुरतात. गार, ढगाळ सकाळी ती मिटून राहतात. सकाळी आठला पोचलेल्या माणसाला मळकट कळ्यांचं शेत दिसतं, अकराला तीच जागा उजळलेली असते. तेव्हा सकाळचा वेळ कड्यावरच्या वाटेला द्या आणि गालिचा दुपारसाठी ठेवा. पाऊस पडून गेला असेल तर कच्चा रस्ता बंद केला जातो. 'रोड क्लोज्ड'चा फलक ओलांडणाऱ्याला दंड होतो आणि चिखलात पडलेले चर पुढे महिनोन्‌महिने राहतात. खडीचा रस्ता कोरडा असला तरी साठच्या आसपासच चालवा. गोल, सुट्या खड्यांवर टायर गोट्यांवरून घसरावा तसा घसरतो. घसरलाच तर ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटर सोडायचा आणि स्टिअरिंग सरळ धरायचं.

इथून दक्षिणेला थ्री स्प्रिंग्स, तिथून एनीबा आणि पुढे ज्युरियन बे. पाचव्या-सहाव्या दिवसाचा मुक्काम ज्युरियनलाच करा, कारण क्वोंगन जिथे बघायचं त्या लेसूर राष्ट्रीय उद्यानात राहायची सोय नाही.

लेसूरमध्ये ९०० हून अधिक जातींची झाडं आहेत, राज्यातल्या ज्ञात वनस्पतींच्या जवळजवळ दहावा हिस्सा. १८.५ किमीचा एकेरी डांबरी रस्ता उद्यानातून फिरतो. गाडीतून अर्ध्या तासात संपतो, पायउतार होत गेलं तर दिवस पुरत नाही. इथल्या सपाट माथ्यांच्या टेकड्यांवर जांभा आहे, आपल्या कोकणातला आणि कासचा तोच तांबडा, भोकाभोकांचा दगड. खालची वाळू जगातल्या सर्वांत निकृष्ट मातींपैकी, फॉस्फरस नावापुरता. एवढ्या गरीब जमिनीत एवढी विविधता, यामागचं एक कारण म्हणजे दर पन्नास-शंभर पावलांवर माती बदलते आणि तिच्याबरोबर झाडंही. म्हणून एका जागी तासभर थांबण्यापेक्षा प्रत्येक थांब्यावर वीस मिनिटं द्या: एकदा माथ्यावर, एकदा उतारावर, एकदा ओढ्याकाठी. काळा कांगारू पॉ, धुरकट करड्या झुबक्यांचं स्मोकबुश, आणि वाकून बघितलं तर लाल, चिकट थेंबांची कीटकभक्षी ड्रॉसेरा.

ट्रिगर प्लँट जरूर शोधा. नखाएवढ्या गुलाबी किंवा पिवळसर फुलातून एक बारीक दांडा मागे वळलेला असतो. गवताच्या काडीने फुलाच्या घशाला हलकेच स्पर्श केला की तो दांडा डोळ्यांचं पातं लवायच्या आत पुढे आदळतो. किडा बसला असता तर त्याच्या पाठीवर पराग थापला गेला असता. दांडा पुन्हा ताणला जायला काही मिनिटं ते अर्धा तास लागतो, त्यामुळे एका फुलावर एकदाच.

आता बुटांचं, आणि हे कृपया हलक्यात घेऊ नका. फायटोफ्थोरा सिनॅमोमी नावाचा मातीतला सूक्ष्मजीव इथे झाडांची मुळं कुजवतो, स्थानिक लोक त्याला 'डायबॅक' म्हणतात. नैऋत्य भागातल्या सुमारे ४० टक्के देशी वनस्पती त्याला बळी पडू शकतात, बँक्सिया तर हमखास. एकदा जमिनीत शिरला की काढता येत नाही. पसरतो तो ओल्या मातीतून: टायर, बुटांचे तळवे, तंबूचे खुंटे. कडक ब्रश आणि ७० टक्के मेथिलेटेड स्पिरिट भरलेली फवारणीची बाटली गाडीत ठेवा. क्रम महत्त्वाचा आहे: आधी माती पूर्ण खरवडायची, मग तळवा भिजेल एवढं फवारायचं, मग मिनिटभर वाळू द्यायचं. चिखलावरच फवारलं तर औषध आत पोचत नाही. प्रत्येक राखीव रानात शिरताना आणि निघताना, दोन्ही वेळा. ओल्या दिवशी पायवाट सोडू नका.

फुलं तोडणं कायद्याने गुन्हा आहे, रस्त्याकडेचीही. हा हंगाम अनेकदा गणपतीच्या दिवसांत येतो. पर्थकरांना दूर्वांसाठी रानात जायची गरज नाही, तिथल्या हिरवळीतलं 'काउच ग्रास' म्हणजे आपली हरळीच. सिडनी-मेलबर्नहून विमानाने येत असाल तर फळं, मध, झाडं, माती यांवर पश्चिम ऑस्ट्रेलियाचे स्वतंत्र कडक नियम आहेत. विमानतळावर जे जाहीर करायचं ते करा, टाकायचं ते टाका.

किरकोळ पण नडणाऱ्या गोष्टी: लहान गावांतले पंप बरेचदा माणसाविना, कार्डावर चालतात, पिन असलेलं कार्ड ठेवा आणि अर्धी टाकी झाली की भरा. रविवारी दुकानं बंद, शाकाहारी माणसाने किराणा पर्थहूनच न्यावा. मोबाइलला रेंज टेल्स्ट्राची त्यातल्या त्यात बरी, नकाशे आधी उतरवून घ्या. माश्यांसाठी डोक्यावरची जाळी, गोचिडांसाठी लांब मोजे. सप्टेंबरच्या उबेत डुगाईट साप बाहेर येतात, झुडपांत पाय टाकण्याआधी बघा. आणीबाणीचा नंबर ०००. आणखी उत्तरेचं कलबारी राष्ट्रीय उद्यान मुद्दाम वगळलंय: दोन दिवस जास्त असतील तरच जा.

सातव्या दिवशी इंडियन ओशन ड्राइव्हने पर्थ, सुमारे २२० किमी. वाटेवर वॉनरूला लल्फिट्झ आणि शहरात नॉर्थ फ्रीमँटलला एपेस, या देशी झाडांच्या नर्सऱ्या. सप्टेंबरमध्ये किंग्ज पार्कच्या मित्रमंडळाची रोपविक्रीही असते. पाहुण्यांनी बघून समाधान मानावं. बियासुद्धा भारतात न्यायच्या तर आयात परवाना आणि फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (रोग-कीड नसल्याचा दाखला) लागतं.

पर्थमध्ये राहणाऱ्यांनी मोठी कुंडी न घेता ट्यूबस्टॉक घ्यावा, म्हणजे लहान, अरुंद नळीतलं रोप. मोठं रोप कुंडीत मुळं गुंडाळून बसलेलं असतं आणि वाळूत मागे पडतं. लेबलवर 'ग्राफ्टेड' आहे का बघा. रानात भुरळ घालणारे व्हर्टिकॉर्डिया आणि काही एरेमोफिला बागेत स्वतःच्या मुळांवर दगा देतात, कलम केलेले टिकतात. लावण्याचा खरा हंगाम एप्रिल-मे, पहिल्या पावसानंतर. सप्टेंबरमध्ये लावलं तर पहिला उन्हाळा हाताने पाणी घालायची तयारी हवी. लावताना नळी बादलीत बुडबुडे थांबेपर्यंत बुडवा. पर्थची वाळू पाणी झिडकारते, ते वरून ओघळून जातं आणि मूळ कोरडंच राहतं, म्हणून खड्ड्यात वेटिंग एजंट, म्हणजे वाळूत पाणी मुरवणारं द्रव्य, मिसळा. शेणखत, हाडांचा चुरा, नेहमीचं मिश्रखत काहीही नको. बँक्सिया-हेकियाची झुपकेदार मुळं नाममात्र फॉस्फरस शोषायला घडलेली आहेत. जास्त मिळाला तर शोषण थांबवता येत नाही, पानं पिवळी पडून करपतात आणि झाड जातं. वर जाड सालीचं पाच सेंटीमीटर आच्छादन, खोडापासून चार बोटं दूर.