चढ नसलेल्या गावात

साताऱ्यात वाढलेल्या माणसाची सोलापूरला बदली झाली की नातेवाईक आधी उन्हाची आणि मग पाण्याची चौकशी करतात. डोंगराची चौकशी कोणी करत नाही. सकाळी अजिंक्यतारा चढायचा, वर पोहोचले की शहर पायाशी आणि समोर यवतेश्वर, एवढ्यालाच मी इतकी वर्षे फिरणे म्हणत आलो. त्यामुळे पायांची ही सवय आता कोठे खर्च करावी, हा प्रश्न घरसामान लागण्याआधीच उभा राहिला. शेजारच्या काकांनी तो चुटकीसरशी सोडवला. "किल्ला आहे की ओ आपल्याकडं!" असे म्हणून त्यांनी मला भुईकोटाचा रस्ता दाखवला. किल्ला आहे, तट आणि बुरूज आहेत, शेजारी सिद्धेश्वराचे तळेही आहे, पण चढ मात्र नाही, हे पचायला साताऱ्याच्या माणसाला वेळ लागतो.

पुढे हिप्परग्याचा तलाव सापडला. आदिला नदी अडवून 1871 साली पूर्ण झालेला हा तलाव हिवाळ्यात पाहुण्या बदकांनी गजबजतो.

मात्र खरा मुक्काम पडला तो नान्नजच्या माळावर. 1979 साली माळढोकासाठी अभयारण्य म्हणून जाहीर झालेल्या या माळावर माळढोक आज जवळजवळ दिसेनासाच झाला आहे. उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालणाऱ्या या पक्ष्याला मोकळे गवत हवे असते, आणि मोकळे गवत दिसले की माणसाला तेथे नांगर घालावासा किंवा झाडे लावावीशी वाटतात. झाडे लावणे हे सरसकट पुण्यकर्म असते, यावरचा माझा विश्वास या माळावर बराच डळमळला.

येथे फिरण्याची रीतच निराळी आहे. डोंगरावर जितके चालावे तितके दिसते. माळावर चालणाऱ्याला पळणारी काळविटे तेवढी दिसतात. त्यामुळे उजाडण्यापूर्वी पोहोचायचे आणि एका जागी बसून राहायचे. थोड्या वेळाने मातीच्याच रंगाचा धाविक पक्षी चार पावले तुरुतुरु धावतो, ताठ उभा राहतो, वाकून काहीतरी टिपतो आणि पुन्हा धावतो. तो थांबला की नजरेला हरवतो. तोवर कुसळी गवताने आपले काम साधलेले असते. त्याच्या टोकदार बीला मागे लांब, पीळदार केस असतो. दमट हवेत त्याचा पीळ उलगडतो, वाळला की पुन्हा बसतो, आणि या फिरण्यातून बी गिरमिटासारखे जमिनीत शिरते. जमीन न मिळाल्यास त्याला मोजाही चालतो. घरी आल्यावर चिमटा घेऊन एकेक कुसळ उपटत बसणे हा सहलीचाच उत्तरार्ध असतो.

उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की हे सगळे सकाळच्या पहिल्या दोन तासांतच उरकावे लागते. साताऱ्यात मी गड निवडत असे, येथे वेळ निवडतो.

ट्रेकिंगमधला एक जुना मित्र पुढच्या महिन्यात येणार आहे. बालाघाटाच्या कडेवर वसलेल्या तुळजापूरचा घाट चढल्याशिवाय सहल झाल्यासारखे त्याला वाटणार नाही, म्हणून देवीचे दर्शन आणि घाट दोन्ही बेतात आहेत. मात्र त्याआधीची एक पहाट मी नान्नजसाठी राखून ठेवली असून, लोकरीचे मोजे घालून येऊ नकोस, असे त्याला बजावले आहे.